चारशे बारा डावे पाय

प्रिय भिंगरी,

या नावाने तुला हाक मारून किती वर्षं झाली ते मोजायला बसलो होतो, मग सोडून दिलं. आता तू छत्तीस वर्षांची, स्वतःच्या कंपनीची मालकीण. पण लहानपणी घरभर गरगर फिरायचीस म्हणून पडलेलं नाव आहे, ते काही असं सुटत नाही. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी आईच्या गुडघ्याची काळजी वाटेल, म्हणून तेच पहिल्यांदा सांगतो. गुडघा बरा आहे. जिना उतरताना कुरकुर होते, पण ती गुडघ्याची कमी आणि तिचीच जास्त. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई रोज तिच्याकडून व्यायाम करून घ्यायला येतात. व्यायाम पाच मिनिटं होतो, गप्पा तासभर होतात, आणि दोघी म्हणतात की फरक पडतोय. तू मागच्या वेळी आलीस तेव्हा अडकलेलं बाथरूमचं दार मी सुताराकडून रंधा मारून घेतलं. आता ते अडकत नाही, पण लागतही नाही. आत गेलेल्याने गाणं म्हणायचं असं ठरलंय. तुझी आई जुनी गाणी म्हणते. मी खोकतो.

दुसरी बातमी अशी की गेले पाच आठवडे मी रोज सकाळी साडेनऊच्या बसने बाहेर जातो आणि दुपारी दोनला परत येतो. तू फोन करतेस तेव्हा आई सांगते की बाबा फिरायला गेलेत. तुला संशय कसा आला नाही याचंच मला नवल वाटतं. चार तास फिरणारा माणूस मी कधी होतो? कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी मी आधी आभाळाकडे बघतो. कुठे जातो ते सांगणारच आहे, पण मला ओळीने सांगू दे. जन्मभर यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या, त्यामुळे पहिली पायरी सोडून दुसरी सांगता येत नाही.

पहिली पायरी म्हणजे मागच्या वर्षीचा तुझा फोन. मी उचलला आणि सवयीने म्हणालो, थांब, आईला देतो. तू म्हणालीस, “नको, बाबा. तुमच्याशीच काम आहे.” मी खुर्चीत बसलो. तुला वाटलं असेल मी कागद-पेन शोधतोय. खरं तर नीट ऐकलं का म्हणून मी फोन दुसऱ्या कानाला लावत होतो. सहा वर्षं आपण दोघं फोनवर ‘आई आहे का’ आणि ‘देतो’ एवढंच बोलत होतो. तू पक्की नोकरी सोडून बेकरीच्या वरच्या त्या एका खोलीत कंपनी काढलीस, तेव्हा जेवणाच्या टेबलावर, चार पाहुण्यांच्या समोर मी म्हणालो होतो की जगाला आणखी एक सॉफ्टवेअर नको आहे, आणि तुझं तर नकोच आहे. पाहुणे हसले. तूही हसलीस, आणि ताट उचलून आत गेलीस. त्या वाक्याचा दुसरा भाग मी का बोललो, हे मला आजही सांगता येत नाही. माफी मागायची असं दर महिन्याला ठरवायचो आणि दर महिन्याला फोन आईला द्यायचो.

तुझं काम काय ते तू मला त्या दिवशी समजावलंस, आणि एवढं सोपं करून समजावलंस की शिक्षिका झाली असतीस तरी चाललं असतं. हल्ली लोक कॉम्प्युटरवरची कामं एआय एजंटला सांगतात. हे आवर, ते शोध, हे नीट लाव. एजंट सांगितलेलं करतो, पण आवरता आवरता एखादी फाइल कायमची डिलीट करून बसतो, आणि मग माणसं डोक्याला हात लावतात. तुझं ‘माळा’ हे त्यावरचं साधं अवजार. एजंटने काहीही काढून टाकायला घेतलं तर ते पुसलं जात नाही. ते उचलून माळ्यावर ठेवलं जातं, कधी ठेवलं, कुठून आणलं, का काढलं अशी चिठ्ठी लावून. चूक झालीच तर चिठ्ठी बघून जिथल्या तिथे परत. आज्ञा मोजून चार. ठेव, दाखव, परत आण, रिकामा कर. अवजार तयार होतं, फक्त पुस्तिका हवी होती. आणि ती माणूस वाचणार नव्हता, एजंट वाचणार होता. एकतीस वर्षं मी शिलाई मशीन आणि पाण्याच्या पंपांच्या पुस्तिका लिहिल्या. त्या कुणी वाचत नाही हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. लोक वेष्टण फाडतात, यंत्र चालू करतात, आणि धूर आला की पुस्तिका शोधतात. तू मला असा वाचक देत होतीस जो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही शब्द न गाळता वाचणार. मी लगेच हो म्हणालो. पण तो वाचक माणूस असता, नाहीतर दगड, तरी मी हो म्हणालो असतो, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

मग तू दर गुरुवारी तुझ्या कंपनीतल्या लांब्याला मदतीला पाठवू लागलीस. पहिल्या दिवशी तो आमच्या दारातून वाकून आत आला आणि सरळ होताना दिव्याला डोकं आपटून घेतलं. आईने त्याला तेव्हाच दत्तक घेतलं म्हण ना. चाळिशीचा, कानांवर पांढरे केस आलेला माणूस, पण आई त्याला दुसऱ्यांदा वाढताना विचारतही नसे. मी लिहायचो, तो वाचायचा, आणि शेजारच्या स्टुलावर ठेवलेल्या त्याच्या लॅपटॉपवर आम्ही एका सरावाच्या फोल्डरवर एजंटला सोडून बघायचो. एकदा एजंटने आमची पुस्तिकाच जुनी कागदपत्रं समजून माळ्यावर ठेवली, आणि कारण लिहिलं की ही फाइल बरेच दिवस कोणी उघडलेली नाही. लांब्या इतका हसला की स्टूल डगमगलं. मी नाही हसलो. माझ्या पुस्तिकांबद्दल एकतीस वर्षांत कोणी इतकं खरं बोललं नव्हतं.

त्या गुरुवारांमध्ये मी जेवढं शिकलो तेवढं नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत शिकलो नसेन. ‘आवश्यकतेनुसार’ हा माझा लाडका शब्द. लांब्या त्याच्याखाली रेघ मारून विचारायचा, कुणाच्या आवश्यकतेनुसार, काका? ‘शक्यतो’ गेला, ‘योग्य ती काळजी घ्यावी’ गेली, ‘साधारणपणे’ गेला. माणसासाठी लिहिताना धास्ती असते की तो वाचणार नाही, म्हणून आपण तेच तेच तीनदा सांगतो. एजंटसाठी लिहिताना धास्ती उलटी. आपण सहज लिहून गेलेलं वाक्यही तो हुकूम म्हणून घेतो. लांब्याला हे पहिल्यापासून कळत होतं. मला कळायला वेळ लागला, आणि वेळ लागला हे कबूल करायला त्याहून जास्त.

पुस्तिका पूर्ण झाली तेव्हा तू स्वतः आलीस, सोफ्यावर पाय घेऊन बसलीस आणि सगळी वाचलीस. मी उगीचच स्वयंपाकघरात पातेली आवरत होतो. वाचून झाल्यावर तू म्हणालीस की एकही ओळ बदलायची नाही. जेवताना तू मला सॉफ्टवेअरविषयी प्रश्न विचारलास, माझं मत विचारलंस, आणि मी दिलं. तुझी आई ताटाकडे बघत जेवत होती. तो दिवस मी अजून जपून ठेवलाय. पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं आणि त्याच्यामुळेच लपलं, म्हणून सांगतोय.

चार महिन्यांनी तुझा फोन आला, घाईतला. बूट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात माळा बसवला होता आणि तिथे घोटाळा झाला होता. ज्यांचे पाय सारखे नसतात, एक आखूड, एक वाकडा, एकाची बोटं जुळलेली, अशांसाठी तिथे मापाचे बूट बनतात. एजंटला सांगितलं होतं की दोनदा आलेल्या फाइली काढून टाक. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाच्या दोन फाइली होत्या, एक उजव्या पायाची, एक डाव्या. त्याला त्या दुहेरी वाटल्या. त्याने उजवे ठेवले आणि चारशे बारा डावे पाय माळ्यावर टाकले. इथवर काहीच बिघडलं नव्हतं. याच चुकीसाठी तर तू माळा बांधलास. एक आज्ञा दिली असती तर सगळे पाय परत आले असते. पण त्यानंतर एजंटने माळा रिकामा केला. अवजाराने त्याला विचारलं, खात्री आहे का, आणि तो हो म्हणाला. वेगळी प्रत त्या लोकांनी ठेवली नव्हती, कारण माळा आहे ना, मग कशाला, असं त्यांना वाटलं होतं.

माळा तिथे लांब्याने बसवला होता. तो धावत गेला, दिवसभर तिथे बसून एजंटने काय काय केलं याची नोंद वाचली, आणि संध्याकाळी येऊन तुला म्हणाला, “माझ्याकडून राहिलं.” काय राहिलं, कसं राहिलं, काही नाही. तू विचारलंस, पुन्हा विचारलंस, तो तेच म्हणत राहिला. सहा वर्षं बरोबर काम केलेला माणूस तोंड उघडत नाही याचा तुला जास्त राग आला. तू म्हणालीस की मग पुढे काय करायचं ते तूच ठरव. त्याने खिशातून ऑफिसची किल्ली काढून टेबलावर ठेवली. तू हे आईला सांगितलंस आणि आईने मला. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, लांबी असली की अक्कल पोचायला वेळ लागतो. आई मला म्हणाली, हे पुन्हा बोललात तर चहा मिळणार नाही, आणि त्याला एक फोन करा. मी केला नाही. गुरुवारी स्टूल भिंतीला लावून ठेवलं आणि दिवसभर त्याच्यावर चिडून राहिलो. माझ्या पुस्तिकेने चालणाऱ्या अवजाराचं नाव त्याने घालवलं असं मला वाटत होतं. माझ्या पुस्तिकेने, हे लक्षात ठेव.

मी त्या कारखान्यात गेलो तो उगाच गेलो, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. माझ्या डाव्या टाचेला बूट लागतो, एक जोड करून घेऊ, एवढंच. जागा साधी आहे. खाली दुकान, वर लांबट खोली, खिडक्यांखाली कामाची टेबलं, चामड्याचा आणि डिंकाचा वास. ज्या बाई हे सगळं चालवतात त्यांचे हात माझ्या दुप्पट आहेत आणि आवाज निम्मा. मी टाचेचं सांगितलं, त्यांनी बूट काढायला लावला, पाय मांडीवर घेतला आणि म्हणाल्या की थोडं थांबावं लागेल, कारण चारशे डावे पाय तुमच्या आधी रांगेत आहेत. मला वाटलं होतं त्या संतापलेल्या असतील. त्या फक्त थकलेल्या होत्या. मी कोण ते सांगितलं नाही, पण यंत्रातलं थोडं कळतं असं म्हणालो. तेव्हा त्यांनी कपाटातून एक कागदांचा गठ्ठा काढून दिला. एजंटने केलेल्या कामाची नोंद त्यांनी छापून घेतली होती, समजेल म्हणून, आणि त्यांना त्यातलं काही समजलं नव्हतं. माळा बसवायला आलेला तो उंच माणूसही हे वाचत बसला होता, म्हणाल्या, वाचून झाल्यावर नुसतं पाणी मागितलं.

मी चष्मा लावला. एजंट प्रत्येक पावलाचं कारण लिहितो, हे लांब्याने आणि मीच पुस्तिकेत घातलं होतं. चारशे बारा ओळी ‘ठेव’च्या. आणि त्याखाली एक ओळ, जी मी शब्दशः लिहून देतो: “माहितीपुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणातील शेवटच्या सूचनेनुसार, काम संपल्यामुळे माळा स्वच्छ करत आहे.”

भिंगरी, ती शेवटची सूचना माझी आहे. ‘काम संपल्यावर यंत्र व आजूबाजूची जागा स्वच्छ करावी.’ माझ्या प्रत्येक पुस्तिकेतलं वापराचं प्रकरण या वाक्याने संपतं. शिलाई मशीन असो की पंप, हात आपोआप तिथे जातो, सही करावी तसा. तुझ्या पुस्तिकेत ‘यंत्र’ खोडून ‘माळा’ केलं आणि पुढे गेलो. माणसांनी ते वाक्य एकतीस वर्षं वाचलं नाही, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. या वाचकाने वाचलं. त्याचा काय दोष? त्याला स्वच्छ करायला सांगितलं, त्याने केलं.

घरी आलो आणि पुस्तिकेच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या. त्या वाक्याच्या समासात लांब्याची टीप होती, शेवटच्या आधीच्या गुरुवारची. त्याने लिहिलं होतं, काका, हे काढू या का, एजंट याचा अर्थ रिकामा कर असा घेईल. खाली माझं उत्तर होतं. वाक्य योग्य आहे, एकतीस वर्षं लिहीत आलो आहे. आणि मी ती टीप बंद करून टाकली होती. बंद केलेली टीप तुला दिसली नाही, आणि तू शोधायला गेली नाहीस, कारण माझ्या हाताखालून गेलेली पुस्तिका तू तपासली नसतीस. हे लिहिताना मला जड जातंय. एवढा विश्वास मी मिळवला कधी, हेच मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या बसने मी पुन्हा कारखान्यात गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. कोण, कुणाचा बाप, कुठलं वाक्य. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळावरचे केस मनगटाने मागे केले आणि विचारलं, अक्षर चांगलं आहे का? तेव्हापासून मी तिथे बसतो. त्या पाय हातात घेऊन फितीने मापं सांगतात, मी लिहितो. एका पायाची चौदा मापं. टाच, घोटा, चवडा, अंगठ्याचा कोन, आणि अशी काही जी मला आधी माहीतही नव्हती. लोक येतात, बसतात, मोजा काढतात आणि गोष्टी सांगतात. एक संगीतशिक्षक आले होते, त्यांचा डावा पाय दोन बोटं आखूड. ते म्हणाले, पहिला बूट मिळाला त्या दिवशी मला कळलं की माझ्या पायपेटीचं पायडल तिरकं नव्हतं, मीच तिरका होतो. एक बाई दर वेळी आपल्या बहिणीला घेऊन येतात, कारण त्यांना गुदगुल्या होतात आणि बहिणीला हात धरावे लागतात. आतापर्यंत दोनशे अठ्ठ्याऐंशी झालेत. कुणीही मला शिव्या दिल्या नाहीत. एकाने दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण सगळे पाय परत येत नाहीत. नऊ वर्षांची एक मुलगी आहे. तिचा पाय जन्मतः आत वळलेला, आणि दर सहा महिन्यांनी इथे माप घेऊन तो किती सरळ होतोय ते बघत होते. आजचं माप मी लिहिलं. मागच्या सहा वर्षांची बारा मापं गेली ती गेली. तिच्या आईने विचारलं की सुधारतोय ना, आणि बूटवाल्या बाई म्हणाल्या, माझ्या हाताला तसं वाटतंय. कागदावर दाखवायला काही नव्हतं. मुलगी खिडकीबाहेर बघत पाय हलवत होती. त्या दिवशी मी बसने आलो नाही, चालत आलो. आईने दार उघडलं आणि मी तिला म्हणालो की मला भिंगरीला सांगायला हवं. ती म्हणाली, हो, हवंच. हे चौथ्या आठवड्यातलं. त्यानंतरही मी सांगितलं नाही. तू रोज फोन करायला लागली होतीस ना. आज काय खाल्लं, पुस्तिकेच्या नवीन प्रकरणाचं काय करू, बाबा तुम्हाला काय वाटतं. मी प्रत्येक फोन संपल्यावर म्हणायचो, उद्या. मी भित्रा आहे, हे तुला माहीत असावं म्हणून लिहितोय.

गेल्या शनिवारी मी लांब्याकडे गेलो. तो सध्या मेव्हण्याच्या प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानात बसतो, आणि त्या दुकानाचं छत त्याच्यासाठी बांधलेलं नाही. मला बघून तो उठला, मान वाकवून उभा राहिला. मी म्हणालो, ती टीप मी वाचली. मी म्हणालो की तू गप्प का बसलास, तुझी दोन लहान मुलं आहेत, तुझी सहा वर्षं आहेत त्या कंपनीत. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर पुसला, खाली ठेवला आणि सांगितलं, “काका, सहा वर्षं ती तुमच्याविषयी बोलायला लागली की मध्येच थांबायची. आत्ता कुठे वाक्य पूर्ण करते. ते मी कसं मोडू?” पुढे म्हणाला की टीप बंद केलीत तेव्हा मीही जोर धरायला हवा होता, म्हणजे राहिलं ते माझ्याकडूनही राहिलंच, मी खोटं बोललो नाही. वर मला बजावलं की तिला काही सांगायचं नाही. मी मान डोलावली. बाहेर पडून रस्ता ओलांडायच्या आत मला कळलं होतं की हा शब्द मी पाळणार नाही.

काल तू फोनवर सहज म्हणालीस की सोमवारी लांब्याच्या जागेसाठी एक मुलगी मुलाखतीला येणार आहे, हुशार वाटते. मी बरं म्हणालो आणि आईला फोन दिला, पूर्वीसारखा. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच वाक्याला म्हणाली असतीस, असू दे बाबा, होतं असं, आणि मला तेच हवंहवंसं वाटलं असतं. कुरियरवाला म्हणतोय की उद्या दुपारपर्यंत मिळेल, म्हणजे तुझ्याकडे शनिवारची दुपार आणि अख्खा रविवार आहे. त्या नोंदीच्या पानाची आणि त्या टिपेची छापील प्रत सोबत ठेवली आहे, माझ्या शब्दावर जाऊ नकोस, वाचून बघ. तिसरं प्रकरण मी नव्याने लिहिलंय, पण ते आधी लांब्याने वाचल्याशिवाय वापरायचं नाही, आणि त्याने काट मारली तर मला न विचारता मारायची. त्या पाहुण्यांपुढे बोललेल्या वाक्याचीही माफी मागतो. ती सात वर्षं उशिरा आहे आणि या माफीत मिसळून देतोय, हे बरं दिसत नाही, पण वेगळी मागायला मी आणखी सात वर्षं घेईन. तुला राग येईल. येऊ दे. पुन्हा ‘आई आहे का’ एवढंच विचारावंसं वाटलं तर तसं विचार, मी फोन देईन. फक्त पत्र खाली ठेवलंस की आधी त्याला फोन कर. दुकान सातपर्यंत उघडं असतं.

चुकलेला, पण तुझाच,
बाबा